पुणे, ओकायामा, सॅन होजे: भगिनी शहरांच्या करारातून नेमके काय येते-जाते?

मुठाकाठ (धागाकर्ता)

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात परवा भाच्याला घेऊन गेलो होतो. तळ्यातले रंगीत मासे पाहून झाल्यावर त्याने विचारले, की पुलंच्या नावाच्या बागेत एकही विनोद लिहिलेला नाही आणि सगळे जपानी का आहे? त्याचे समाधान होईल असे उत्तर मला तिथे देता आले नाही, म्हणून घरी येऊन हा धागा काढत आहे.

२००६ मध्ये खुली झालेली सुमारे दहा एकरांची ही बाग जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन या बागेच्या धर्तीवर रचलेली आहे आणि पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून तिची ओळख आहे. मूळ कोराकुएन ओकायामाचा सरंजामदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये बांधायला घेतली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. ज्या वर्षी राजाराम महाराजांनी सिंहगडावर देह ठेवला, त्याच वर्षी तिकडे हिरवळी, ओहोळ आणि चहागृहे तयार होत होती, आणि आज त्या बागेची नक्कल सिंहगडाच्याच रस्त्यावर आहे, या योगायोगाची मला उगाचच गंमत वाटते.

खरी गंमत मात्र पुढे आहे. अमेरिकेतील सॅन होजे हे शहर १९५७ पासून ओकायामाचे भगिनी शहर, म्हणजे परदेशातले कराराने जोडलेले मैत्रीचे शहर, आहे आणि तिथल्या केली पार्कमध्ये १९६५ साली जी जपानी मैत्री बाग उघडली, तीही कोराकुएनवरूनच बेतलेली आहे. १९९२ मध्ये पुणे आणि सॅन होजे भगिनी शहरे झाली. म्हणजे एक मूळ बाग, तिच्या दोन नकला, आणि तिन्ही शहरे एकमेकांशी कागदोपत्री नात्याने बांधलेली. असे असूनही पुण्यातील दहा जणांना थांबवून विचारले, तर आपल्या शहराचे भगिनी शहर कोणते हे एखाद्यालाच सांगता येईल, अशी माझी खात्री आहे.

माझा स्वतःचा संबंध एवढाच, की काही वर्षांपूर्वी आमच्या घरी जपानहून आलेली एक विद्यार्थिनी बारा दिवस राहिली होती. माझी मुलगी जपानी भाषेच्या वर्गाला जात असे आणि त्या वर्गाच्या ओळखीतून हे जुळले होते. पहिल्या दिवशी तिने दारात चपला काढल्या, त्या जोडीने ठेवल्या आणि वाकून त्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला फिरवली. आमच्या घरात चपलांचा नेहमी ढीग असतो. संध्याकाळपर्यंत माझ्या आईने, वय वर्षे ७८, सगळ्या घराच्या चपला तशा लावून टाकल्या होत्या. जेवायला बसल्यावर आईने ‘वदनी कवळ घेता’ म्हटले आणि त्या मुलीने हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हटले. दोघींना एकमेकींचा अर्थ कोणीही समजावून सांगितला नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

या बारा दिवसांत ना कोणता महापौर होता, ना करार, ना हारतुरे. तेव्हा माझा प्रश्न असा, की भगिनी शहरांचे करार नसते तर यातले काय अडले असते? आणि करार आहेत, तर त्यांतून अशी माणसे नियमाने का येत-जात नाहीत? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


केलीपार्क

धागा आवडला. मी सॅन होजेत एकोणीस वर्षे राहतो आणि केली पार्कची ती बाग माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. आईवडील पुण्याहून आले की त्यांना तिथे नेतो आणि वडील दर वेळी म्हणतात, “हे तर आपल्या सिंहगड रोडचेच आहे.” त्यांना मी दर वेळी सांगतो की आपले नंतरचे आहे, आणि ते दर वेळी ते मान्य करत नाहीत.

त्या बागेने बरेच भोगले आहे. २००९ मध्ये विषाणूच्या साथीत तिच्या तळ्यांतले कोई मासे मेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये शेजारच्या कोयोटी क्रीकला पूर आला, तेव्हा बागेत पाणी शिरून चहागृहाचे बरेच नुकसान झाले. त्यानंतर पुष्कळ दिवस ती जागा पाहवत नव्हती. मैत्रीची बाग बांधणे एका समारंभाचे काम असते, पण तळे स्वच्छ ठेवणे हे रोजचे काम असते आणि त्यासाठी कोणीतरी पगारावर लागतो.

आता आपल्या प्रश्नाकडे. पुणे-सॅन होजे करार १९९२ चा आहे, म्हणजे आपल्याकडे आर्थिक धोरण बदलले त्याच्या पुढच्याच वर्षीचा. त्यानंतर या दोन शहरांमध्ये माणसांची जी प्रचंड ये-जा झाली, ती सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे आणि नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसामुळे झाली, भगिनी शहर समितीमुळे नव्हे. मी स्वतः तसाच आलो. इथे शिकवणीच्या वर्गापासून ढोल-ताशा पथकापर्यंत सगळे आहे, आणि ते उभे करताना कोणालाही कराराची आठवण झाली नाही. जिथे वाहतूक आपोआप चालू आहे तिथे पूल बांधण्याचे श्रेय कराराला देता येत नाही, आणि म्हणूनच तो इथे निष्प्रभ वाटतो. ओकायामा आणि सॅन होजे यांच्यात १९५७ मध्ये अशी कोणतीही आपोआप चाललेली वाहतूक नव्हती. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि सॅन होजेतील जपानी वंशाच्या कित्येक कुटुंबांनी ते युद्ध अमेरिकेच्याच नजरकैदेच्या छावण्यांत काढले होते. तिथे कराराला खरोखर काहीतरी करायचे होते.


करदाता_३०

आपल्या लेखनाबद्दल आदर राखून लिहितो. भगिनी शहर म्हणजे आपल्याकडे अभ्यासदौऱ्याचे सोज्ज्वळ नाव आहे. पदाधिकारी जातात, तिथला कचरा प्रकल्प पाहतात, छायाचित्रे येतात, अहवाल कोणी वाचत नाही. तिकडचे शिष्टमंडळ येते तेव्हा पुणेरी पगडी, शाल, शनिवारवाडा आणि परतीचे विमान. आईंच्या चपलांची गोष्ट सुंदर आहे, पण तिला महापालिकेचा एक रुपयाही लागला नाही, हे आपणच लिहिले आहे. मग लागणारा रुपया कशासाठी खर्च करायचा?


नेकारकर

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. करदाता यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर इथल्या एका छोट्या शहरात मला मिळाले, म्हणून थोडे लांबण लावतो.

स्टुटगार्टच्या उत्तरेला लुडविग्सबुर्ग म्हणून शहर आहे. १९५० मध्ये त्याने फ्रान्समधील माँबेल्यार या शहराशी नाते जोडले आणि जर्मन-फ्रेंच शहरांमधली ही पहिली जोडी मानली जाते. माँबेल्यार कित्येक शतके इथल्याच, म्हणजे व्युर्टेमबर्गच्या, राजघराण्याकडे होते, त्यामुळे जुनी ओळख होती. पण १९५० साली एखाद्या फ्रेंच आईने आपले मूल जर्मन घरात झोपायला पाठवणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपल्याला करता येणार नाही.

पुढे २२ जानेवारी १९६३ रोजी दोन्ही देशांनी मैत्रीचा एलिझे करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही सरकारांच्या पैशांवर चालणारी जर्मन-फ्रेंच युवक संस्था स्थापन झाली. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण तिच्या कार्यक्रमांतून या बाजूचे त्या बाजूला जाऊन आले आहेत. आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की इथे रुपया, म्हणजे युरो, पदाधिकाऱ्याच्या तिकिटावर नव्हे, तर मुलांच्या प्रवासखर्चावर खर्च होतो. शाळा अर्ज करते आणि प्रवासासाठी अनुदान मिळते. राहण्याजेवण्याचा खर्च बहुधा नसतोच, कारण मूल दुसऱ्या मुलाच्या घरी राहते. काही महिन्यांनी त्या घरचे मूल या घरी येते. परतभेट ही यातली मूळ अट आहे. माझा मुलगा आठवीत असताना त्याच्याकडून चार पानांची माहिती भरून घेतली होती: कुत्रा चालतो का, फुटबॉल की वाद्य, घरात कोणी धूम्रपान करते का, रात्री दिवा लागतो का. त्यावरून शिक्षिकेने जोड्या लावल्या. हे काम ती शिक्षिका वर्षानुवर्षे करत आली आहे. ती निवृत्त झाल्यावर काय होईल याची चिंता शाळेला आत्तापासून आहे, हेही सांगायला हवे.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. इथे दर वर्षी भारतीय चित्रपटांचा महोत्सव होतो, दिग्दर्शक येतात, प्रश्नोत्तरे होतात, मराठी चित्रपट पाहायला आम्ही सहकुटुंब जातो. हे खरोखर चांगले आहे. मात्र स्टुटगार्टमधील एखाद्या आठवीच्या मुलाने दादरच्या एखाद्या घरात पंधरा दिवस काढले आणि दादरच्या मुलाने इथे, असे माझ्या तरी पाहण्यात नाही.


मुठाकाठ

नेकारकर, ‘रात्री दिवा लागतो का’ या प्रश्नावर बराच वेळ थांबलो. कराराच्या मसुद्यात ‘सांस्कृतिक व शैक्षणिक देवाणघेवाण’ असे शब्द असतात. ते खाली उतरत उतरत या प्रश्नापर्यंत पोहोचले, तरच काही घडते, असे दिसते.

करदाता, आपला आक्षेप पुष्कळसा मान्य आहे. त्यात आणखी एक भर घालतो. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकांकडे होता. भगिनी शहराचा महापौर पत्र लिहितो तेव्हा ते महापौरांच्या नावाने लिहितो. इकडे महापौरच नसेल, तर ते पत्र कोणत्या टेबलावर जाते?


वाघूर

अजिंठ्याच्या परिसरात वीस वर्षे पर्यटकांना लेणी दाखवण्याचे काम करतो. पुण्यामुंबईच्या चर्चेत आमच्या शहराचेही नाव घ्यावे, म्हणून लिहितो.

मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधील दुनहुआंग यांच्यात भगिनी शहराचा करार झाला. माझ्या मते महाराष्ट्रात आजवर झालेल्या अशा करारांमध्ये हा सर्वांत अर्थपूर्ण आहे आणि त्याच्यातूनच सर्वांत कमी निघाले आहे. दुनहुआंगजवळ मोगाव लेणी आहेत, रेशीम मार्गावरची, भिंतींवर बौद्ध चित्रे असलेली. अजिंठ्याहून निघालेली लेणी कोरण्याची आणि रंगवण्याची परंपरा मध्य आशियातून फिरत जिथे पोहोचली, त्या वाटेवरचे ते मोठे ठाणे. दोन्हीकडचा आजचा प्रश्नही एकच आहे: माणसाच्या श्वासाने भिंती ओल्या होतात आणि रंग सुटतो. अजिंठ्यात चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी ४० माणसे सोडतात. मी बाहेर उभा राहून मोजतो, आतले बाहेर येईपर्यंत बाहेरच्यांची कुरकुर ऐकतो, कोणी तरी नेहमी म्हणतो की आम्ही नाशिकहून फक्त यासाठी आलो. मोगावला दिवसाची मर्यादा ६००० पर्यटकांची ठेवली आहे आणि २०१४ मध्ये उघडलेल्या केंद्रात आधी चित्रपट दाखवून मगच लोकांना लेण्यांकडे नेतात, त्यामुळे लेण्याच्या आत थांबण्याचा वेळ कमी होतो.

आमच्याकडचे चार तरुण मार्गदर्शक आणि दोन संवर्धक तिकडे दोन महिने राहिले असते आणि त्यांच्याकडचे तेवढेच इकडे आले असते, तर त्याला हारतुऱ्यांची गरज नव्हती. पण भारत-चीन सीमेवर २०१७ मध्ये डोकलाम झाले, २०२० मध्ये गलवान झाले. शहरांचा करार दिल्ली आणि बीजिंग यांच्या मर्जीवर असतो. आपल्याकडे महापालिकेला परदेशी शहराशी करार करायचा तर परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते, आणि ते एका अर्थी योग्यही आहे, पण मग ‘लोकांचे लोकांशी नाते’ हे शब्द जपून वापरावेत.


करदाता_३०

वाघूर यांनी माझेच म्हणणे अधिक सभ्यपणे मांडले आहे. बाहेरही हेच दिसते. सॅन फ्रान्सिस्कोत युद्धकाळात जपानी सैन्याच्या अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रियांचे स्मारक उभे राहिले म्हणून जपानमधील ओसाकाने १९५७ पासूनचे भगिनी शहराचे नाते २०१८ मध्ये तोडले. प्राग आणि बीजिंग यांचा करार २०१९ मध्ये तैवानला चीनचाच भाग मानणाऱ्या ‘एक चीन’ या कलमावरून मोडला आणि काही महिन्यांत प्रागने तैवानच्या तैपेईशी नवा केला. साठ वर्षांचे नाते एका पत्राने संपत असेल, तर त्याला नाते म्हणावे का?


केलीपार्क

करदाता, ओसाकाच्या महापौरांनी नाते तोडले, हे खरे. पण सॅन फ्रान्सिस्कोतली नागरिकांची समिती त्यानंतरही आपले काम करत राहिली. तोडणारा आणि चालवणारा हे दोघे वेगळे असू शकतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी भगिनी शहराचे काम स्वयंसेवकांच्या समित्या पाहतात, महापालिका फक्त शिक्का देते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये ही चळवळ पुढे आणली, तेव्हाची कल्पनाच ती होती.


औंधवाला

मी औंधला राहतो. आमच्याकडे ब्रेमेन चौक आहे. बस तिथे थांबते, कंडक्टर ‘बरमन, बरमन’ असे ओरडतो, आणि कित्येकांना ते एखाद्या साहेबाचे नाव वाटते. ते जर्मनीतले ब्रेमेन, गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा यांच्या गोष्टीतले. या शहराशी पुण्याचे नाते चार दशकांहून जुने आहे आणि ते प्रामुख्याने तिथल्या नागरिकांच्या एका मंचाने जपले. सुरुवातीच्या काळात ब्रेमेनचा भर विकासकामांवर होता. गोबर गॅस, सांडपाणी, असे विषय. समारंभ करण्याजोगे यात काहीच नव्हते, आणि मला वाटते म्हणूनच ते टिकले. बाकी चौकात वाहतूक कोंडी नेहमीचीच.


शाळामास्तर

नेकारकर यांनी परतभेटीचा उल्लेख केला, म्हणून मी माझा अनुभव लिहितो. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या शाळेचा नव्हता.

आमच्या शाळेने एका युरोपीय शाळेशी असाच कार्यक्रम ठरवला होता. नववीच्या चौदा मुलांनी जायचे आणि तिकडच्या चौदा मुलांनी यायचे. पालकसभा घेतली तेव्हा जाण्यासाठी ६१ अर्ज आले. त्यानंतर दुसरा कागद वाटला, ज्यावर ‘आम्ही परदेशी विद्यार्थ्याला दहा दिवस आमच्या घरी ठेवू’ असे लिहून द्यायचे होते. तो नऊ जणांनी भरून दिला. कारणे सगळी खरी होती. घर वन-बीएचके आहे, आजोबा अंथरुणावर आहेत, घरात मांसाहार चालत नाही, दोघेही नोकरी करतो, मुलगी मोठी आहे आणि येणारा मुलगा असला तर काय, आमचा संडास भारतीय पद्धतीचा आहे. एका आईने मला बाजूला घेऊन सांगितले, “सर, आमच्या घरात दाखवण्यासारखं काही नाही.” हे वाक्य मी विसरलेलो नाही.

शेवटी त्यांच्या मुलांना हॉटेलात ठेवायचे ठरले. तिकडच्या शाळेने विनयाने कळवले, की मुले हॉटेलात राहणार असतील तर ही सहल झाली, आणि सहलीसाठी त्यांना अनुदान मिळत नाही. कार्यक्रम रद्द झाला. ६१ अर्ज अजून माझ्या कपाटात आहेत.

आपल्याकडे देवाणघेवाणीतले ‘जाणे’ सर्वांना हवे असते. ‘येऊ देणे’ अवघड जाते, आणि ते कंजूषपणामुळे नव्हे तर संकोचामुळे. पाहुणा म्हणजे सरबराई, सरबराई म्हणजे नवा पलंगपोस, नवे कप, रोज दोन भाज्या आणि एक गोड. दहा दिवस हे कोणाला झेपणार? मुठाकाठ यांच्या आईंनी पाहुणीला आपल्या रोजच्या पंगतीत बसवले, म्हणून बारा दिवस निभावले.


नेकारकर

शाळामास्तर, आपला प्रतिसाद वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन बॉम्बफेकीत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री उद्ध्वस्त झाले. पुढे रशियातील स्टालिनग्राडला जर्मनांनी घातलेल्या वेढ्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कॉव्हेंट्रीतील ८३० स्त्रियांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावे भरतकामाने लिहिली, प्रत्येकीने सहा पेन्स दिले, आणि तो कपडा तिकडे पाठवला. त्याच्या मध्यावर ‘थोडी मदत ही मोठ्या सहानुभूतीपेक्षा बरी’ या अर्थाचे शब्द आहेत. १९४४ मध्ये ती दोन शहरे भगिनी शहरे झाली. म्हणजे कपडा आधी, करार नंतर. ज्यांच्या स्वतःच्या घरांवर छप्पर नव्हते, त्या बायकांनाही दाखवण्यासारखे काही नव्हतेच.


वाघूर

एक अवांतर, पण विषयाला धरून. कोराकुएनमध्ये लाल डोक्याचे करकोचे पाळतात. युद्धाच्या काळात तिथे एकही उरला नव्हता. चीनमधील लेखक आणि विद्वान क्वो मोजो तरुणपणी ओकायामात शिकायला होते. १९५५ मध्ये ते पुन्हा तिथे गेले, त्यांना करकोच्यांवाचून ओकीबोकी झालेली बाग दिसली आणि पुढच्या वर्षी त्यांनी चीनमधून दोन करकोचे पाठवले. तेव्हा चीन आणि जपान यांच्यात राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९७२ मध्ये जुळले. एक विद्यार्थी काही वर्षे कुठेतरी राहिला, तर त्याचे फळ कधी आणि कोणत्या पिंजऱ्यातून येईल, हे सांगता येत नाही.


करदाता_३०

करकोच्यांपुढे माझा इलाज नाही. एवढेच म्हणतो, की अंदाजपत्रकात भगिनी शहरांसाठी जी काही रक्कम असेल ती मुलांच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवावी आणि पदाधिकाऱ्यांनी स्वखर्चाने जावे. तसा ठराव कोणी मांडला, तर सभागृहाच्या गॅलरीत बसून मी टाळ्या वाजवीन.


शाळामास्तर

पुढच्या जूनमध्ये पुन्हा प्रयत्न करावा असे हा धागा वाचून मनात आले आहे, या वेळी जपानी भाषा शिकणाऱ्या मुलांपासून, आणि आधी ‘येऊ देण्याचा’ कागद वाटून. पुण्यात जपानी शिकणारी मुले पुष्कळ आहेत, घरांची अडचण कदाचित कमी येईल. मुठाकाठ, पालकांना सांगायला आपल्या अनुभवातून काही व्यवहारी सूचना असल्यास कळवाव्यात. जेवणाचे काय केले, झोपायला कुठे दिले, अडचण कशाची आली?


मुठाकाठ

सर, अवश्य. झोपायला बाहेरच्या खोलीत गादी घातली, आणि तिला ती पलंगापेक्षा सवयीची होती. जेवण आमचेच. पहिले दोन दिवस तिखट कमी केले, तिसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच लसणीची चटणी मागितली. आमटीभात ती चमच्याने खात असे, आणि आई हाताने कालवताना तिच्याकडे टक लावून पाहत असे. आठव्या दिवशी तिने हाताने कालवून पाहिले, निम्मे ताटाबाहेर गेले, कोणी हसले नाही, मग तीच हसली.

अडचण एकच आली आणि ती कोणीही आधी सांगितली नव्हती. जपानमध्ये अंघोळ रात्री झोपण्यापूर्वी करतात. आमच्या सोसायटीला टँकरचे पाणी रात्री आठला बंद होते. तीन दिवस ती काही बोलली नाही, चौथ्या दिवशी आईच्या लक्षात आले. त्यानंतर दोन बादल्या संध्याकाळीच भरून ठेवायला लागलो. पालकांच्या कागदावर ‘रात्री दिवा लागतो का’ याच्या खाली हाही प्रश्न घाला, आणि गिझर साडेनऊला लावायला विसरू नका म्हणावे.